मॅडमना सुचलंय

आमच्या फ्लॅटचं काम चालू होतं ते पाच महिने मला एकाच वाक्याची धास्ती होती. सकाळी सातला फोन वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "काका, मला काहीतरी सुचलंय." मॅडमना सुचलं की त्या दिवशी आमचं एक तरी बसवलेलं कपाट उखडलं जायचं.

मॅडम म्हणजे इंटिरियर डिझायनर. पूर्वी पुण्यात हे काम सुतार करायचा आणि त्याला काही सुचत नसे. आपण सांगायचं, त्याने मान हलवायची आणि अर्धं कपाट सोडून गणपतीला कोकणात निघून जायचं. आता मिस्त्री राजस्थानचा, प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचं आणि सुचण्याचं खातं स्वतंत्र. मॅडमच्या अंगात हँडलूमचा कुर्ता, कानात दोन वेगवेगळ्या आकारांची डुलं (चुकून नव्हे) आणि पर्समध्ये पाच मीटरचा टेप. एरवी मला 'काका' म्हणतात, पुढचा हप्ता मागायचा असला की 'सर'.

पहिल्या भेटीत सौ.ने पोहे पुढे केले. मॅडमनी ते गार होईपर्यंत फोटो काढले. दोन महिन्यांनी कळलं की आमच्याच रस्त्यावरच्या एका घराचं किचन पिवळंधमक झालंय. ओटा खोबऱ्यासारखा पांढरा, भिंतीला कोथिंबिरी टाइल्स, ट्रॉल्यांना मोहरीएवढ्या काळ्या मुठी. त्या कुटुंबाला हे 'ट्रॉपिकल' म्हणून दिलं होतं. आम्ही बोललो नाही. वास्तूच्या दिवशी जेवायला गेलो तेव्हा सौ. मात्र लिंबाची फोड कुठे आहे ते शोधत होती.

प्रेरणेला वेळकाळ नसतो, असं मॅडमच म्हणतात. आमच्या नात्यातले एक गृहस्थ वारले. मॅडमनी त्यांचंही घर केलं होतं, म्हणून त्या भेटायला आल्या. खाली मान घालून बसलेल्या वीस माणसांत या एकट्याच वर छताकडे बघत होत्या. डोळे भरून आलेले. तेराव्याला त्या घरच्या काकू मला म्हणाल्या, "परकी मुलगी, पण किती लावून घेतलं हो तिने!" दुसऱ्या दिवशी मॅडम साइटवर आल्या आणि म्हणाल्या, "काका, त्यांच्या हॉलमधला कोव्ह लाइट मी पांढराफेक दिला होता. माणूस गेल्यावर तो किती क्रूर दिसतो! तुमच्याकडे आपण तीन हजार केल्विनचा पिवळसर लावू." म्हणजे आमच्या घरात कोणी गेलंच, तर भेटायला येणाऱ्यांची सोय झाली.

हॉलच्या मोठ्या भिंतीची प्रेरणा नाना पेठेत भंगाराला लागलेल्या एका बसच्या पत्र्याने दिली. या कामाला रस्ट फिनिश म्हणतात. भिंतीला गंज चढवायचे चौरस फुटावर पैसे पडतात आणि तो पुढे वाढू नये म्हणून वरून मारायच्या कोटाचे वेगळे. पाहुणे येतात, भिंत बघतात आणि हळूच विचारतात, "वरच्या मजल्यावरून गळतंय का?" जुन्या घरात बेडरूमच्या भिंतीला खरी ओल होती. तिच्यात कधी हत्ती दिसायचा, कधी महाराष्ट्राचा नकाशा. मॅडमनी समजावलं, "काका, जपानमध्ये याला वाबी-साबी म्हणतात. अपूर्णतेतलं सौंदर्य." हे सौंदर्य अठरा वर्षं माझ्या डोक्याशी होतं. मी मूर्खासारखं त्याचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

बिलाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय, पण एक सांगतोच. कपड्यांच्या कपाटाला अठरा एमएमचं मरीन प्लाय लिहिलेलं दिसलं. आठ बाय चारच्या बावीस शीट. मी विचारलं, "पानशेतचं धरण पुन्हा फुटणार आहे का?" मॅडमचा जन्म १९६१च्या बराच नंतरचा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "फ्लड थीम! इंटरेस्टिंग."

एका बुधवारी त्या आईचा तांब्याचा तांब्या उचलून समोर धरून बसल्या. जुन्या बाजारातून थेट आल्या होत्या, पिशवीतून एक नक्षीदार बिजागरी डोकावत होती. म्हणाल्या, "आजी, हे जगातलं सर्वांत सुंदर डिझाइन आहे." आईला वाटलं, पाणी हवंय. मग मॅडमनी सांगितलं की चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतभर हिंडलं. १९५८ साली त्यांनी जो अहवाल दिला त्यात सगळ्या वस्तूंमध्ये लोट्याला पहिला मान आहे, आणि त्याच अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. ती १९६१ साली, म्हणजे इकडे आमची घरं वाहून जात होती तेव्हा.

हे सगळं खरं आहे, मी नंतर तो अहवाल मिळवून वाचला. ईम्सनी लोट्याबद्दल साधे प्रश्न विचारलेत. किती पाणी मावतं, हातात कसा बसतो, कमरेवर कसा तोलला जातो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. मॅडमनी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला, "इसमें कितने वॉट का बल्ब जाएगा?" तांब्याला बुडाशी भोक पडलं आणि तो उलटा होऊन जेवणाच्या टेबलावर लटकला. त्यावरची मठाराची नक्षी मॅडमना इतकी आवडली की वॉर्डरोबला तशाच छापाचं लॅमिनेट आलं. मठार म्हणजे कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीने एकेक ठोका देत पत्रा कठीण करत नेतात ते काम. आमचं लॅमिनेट एक एमएमचं आहे. कठीण फक्त ते पुसणं जातं, प्रत्येक खळग्यात धूळ बसते असं वाटतं आणि पुसायला जावं तर खळगा नसतोच. आई आता प्लॅस्टिकच्या मगने आंघोळ करते आणि जेवताना वर बघत नाही.

आईचं दुसरं दुःख कालनिर्णयचं. १९७३ साली ते निघालं तेव्हापासून तिच्या भिंतीवर ते आहे. तिने खिळा मागितला तर मॅडम कळवळल्या, "आजी, भिंतीला जरा श्वास घेऊ द्या ना." शेवटी तह झाला आणि कालनिर्णय स्वयंपाकघरातल्या उंच कपाटाच्या दाराला आतून लागलं. आता एकादशी बघायला दार उघडलं की समोर साबुदाण्याचा डबा दिसतो. ही एक सोय मात्र मॅडमना न सुचता झाली.

तरीही या बाईला मी हसतो तेवढाच घाबरतो, कारण तिची नजर. रात्री नऊ वाजता, मिस्त्री हत्यारं आवरत असताना, दारात चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "ड्रॉवर उजवीकडे उतरलाय." मला दिसेना, मिस्त्रीलाही दिसेना. लेव्हल लावली, दोन एमएम. चॅनेल काढायला लावले. काम संपेपर्यंत त्या स्वतः जमिनीवर बसून स्क्रू देत होत्या, आणि मिस्त्रीच्या पोरांसाठी बाहेरून वडापाव मागवले. त्या वडापावांचे फोटो काढले नाहीत, एवढी भूक त्यांनाही लागली होती.

काम संपलं. एका मासिकाचा फोटोग्राफर आला तेव्हा आम्हाला दिवसभर बाहेर बसवलं. आमचे डबे, औषधं, छत्र्या आणि टीव्हीचा रिमोट एका चादरीत बांधून शेजाऱ्यांकडे ठेवले. घर खरोखर देखणं आलंय. त्यात कोणी राहतं असा संशय कुठेच येत नाही.

अंतिम बिल आठ पानांचं होतं. रस्ट फिनिश, तांब्याचं झुंबर, कन्सेप्ट डेव्हलपमेंट, सगळं आपापल्या आकड्यानिशी. शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ मला समजेना, म्हणून आईला विचारलं. ती मला बाथरूममध्ये घेऊन गेली. कमोडच्या बाजूला, बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर, स्टीलची एक दांडी होती. "उठताना मी नळाला धरते हे तिने कधी बघितलं कोण जाणे," आई म्हणाली. "एक दिवस मला उठबस करायला लावली, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि गेली." मला याबद्दल कधी सकाळी सातचा फोन आला नव्हता. मासिकात त्या दांडीचा फोटो नाही.

बिलात लिहिलं होतं : ग्रॅब बार, १ नग, साडेसातशे रुपये. सुचण्याचे पैसे लावले नव्हते.