मुळशीचं पाणी आणि एक भागिले शून्य

गळाच्या दुकानात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं, की शाळेत शिकलेलं गणित इथं चालणार नाही. काठी फुटांत मोजतात, दोरा मिलिमीटरमध्ये, दोऱ्याची ताकद पौंडांत आणि शिसं ग्रॅममध्ये. मासा तेवढा दोन तळहातांमधल्या अंतरात. गळांच्या आकड्यांचं तर विचारूच नका. बारा नंबरचा गळ सहा नंबरच्या गळापेक्षा लहान, सहाचा चारापेक्षा लहान, असं उतरत उतरत एकापर्यंत आलं की गाडी फिरते. तिथून पुढं १/०, २/०, ३/० असे आकडे सुरू होतात आणि गळ मोठा होत जातो.

आमचे साडूभाऊ निवृत्त गणितशिक्षक. कुठल्याही संख्येला शून्यानं भागू नका, हे पोरांना सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानदारानं पाकीट पुढं करून "साहेब, हा वन बाय झिरो घ्या, एकदम मजबूत" म्हटलं, तेव्हा ते थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"म्हणजे याची किंमत अनंत असणार."

"नाही साहेब, पाकीट ऐंशी रुपयांना."

शून्यानं भागून ऐंशी आलेले पाहून त्यांनी ते पाकीट घेतलं. पुढच्या साऱ्या घटनांचं मूळ त्या पाकिटात आहे.

एवढा मोठा गळ घ्यायचं कारण, साडूंच्या डोक्यात महाशीर होता. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर लिहिताना १८३९ साली ज्या महाशीराची शास्त्रीय नोंद केली, तो पुण्याजवळचा, मुळा-मुठेतला. आज त्याला टोर खुद्री म्हणतात. म्हणजे जगाच्या दप्तरी त्याचं जन्मस्थान पुणे जिल्हा. असा मासा पुणेकराच्या गळाला लागणार नाही तर कुणाच्या, एवढ्या पुराव्यावर साडू निघाले होते. मुळेच्याच पाण्यावर मुळशीचं धरण आहे, आणि लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास करून लाखो बोटुकल्या पाण्यात सोडल्या गेल्या आहेत, हेही त्यांनी वाचलेलं. त्या वाचनात सोडलेल्या माशाला परत पकडू नये असंही कुठंतरी असणार, पण ते पान बहुधा चिकटलेलं होतं.

महाशीराच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, आणि खेकड्याचं कवचसुद्धा तिथं भरडलं जातं. म्हणून गळ मजबूत हवा, इथपर्यंत साडूंचं बरोबर होतं. मग दुकानदारानं कार्बन फायबरची काठी आणि तिला शोभेल असं रीळ दाखवलं. किंमत ऐकताच साडूंना आपल्या परंपरेची आठवण झाली.

"परदेशी सामानानं मारलेला मासा हा खरा मासाच नव्हे," असं म्हणून ते बाहेर पडले आणि थेट बुरूड आळीत गेले. तिथं त्यांनी बांबूच्या काठ्या उचलून, वाकवून, हवेत फिरवून पाहिल्या. विक्रेत्यानं मांडव घालायचाय की तिरडी बांधायचीय, एवढंच विचारलं. मासे म्हटल्यावर त्यानं एक काठी स्वतः निवडून दिली; टोकाकडं निमुळती, पेरं जवळजवळ, आणि हलवली की टोक हलावं पण मूठ हलू नये अशी. ही निवड मात्र उत्तम होती. गळाची काठी टोकाला लवली पाहिजे, नाहीतर मासा झटका देतो तेव्हा दोरा तरी तुटतो नाहीतर माशाचा ओठ.

पाण्यावर तरंगणाऱ्या बोयासाठी मोरपिसाचा दांडा चांगला. हलका, पाणी न शोषणारा, आणि नुसत्या स्पर्शानं बुडणारा. तो त्यांनी देवघरातल्या बाळकृष्णाच्या मुकुटामागून काढला. मेहुणीबाईंना हे कळलंय, हे आम्हाला भूगाव ओलांडल्यावर फोनवर कळलं. त्यांना कळलं होतं सकाळीच.

आमिषाचा प्रश्न अजून नाजूक होता. घरात कणीक मळायला मेहुणीबाईंचा विरोध नव्हता, पण परात वेगळी हवी, चमचा वेगळा हवा आणि गांडूळ हा शब्द स्वयंपाकघरात उच्चारायचा नाही. कणकेत बेसन, बडीशेपेची पूड, थोडं तूप आणि गूळ पडला. तो गोळा इतका खमंग झाला, की त्या दुपारी आम्ही डब्यात नेलेल्या पोळीभाजीपेक्षा माशांची पंगत वरचढ होती. गांडुळं सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातून, सेक्रेटरींना न विचारता, पहाटे काढली. या खताच्या तांबड्या गांडुळांचा एक अवगुण आहे. डिवचली की अंगातून पिवळट, उग्र वासाचा स्राव सोडतात. खत करायला ती फार गुणी, पण आमिष म्हणून शेताच्या ओल्या मातीतलं साधं गांडूळ बरं. तो वास डब्यात, डब्यातून पिशवीत आणि पिशवीतून गाडीत पसरला. चांदणी चौकातल्या नव्या पुलांवर एक वळण चुकून आम्ही पुन्हा कोथरूडकडं निघालो, तेव्हा तो सीटमध्ये मुरला होता.

दिवस दसऱ्यानंतरचे. पिरंगुटची कारखान्यांची गर्दी मागं पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. इंद्रायणी भात पिवळा पडू लागलेला, आणि काच खाली केली की त्याचा वास आत यावा अशी रीत. आमच्या गाडीत मात्र आतला वास बाहेर चालला होता. पौडला थांबलो, कारण साडूंना शेंगदाण्याची पेंड हवी होती. पेंड पाण्यात फुटते, तिचं तेल आणि चुरा पसरतो आणि लांबचे मासे वासानं जवळ येतात. गळ टाकायच्या आधी असा चारा टाकून ठेवायचा असतो. पशुखाद्याच्या दुकानात साडूंनी पाव किलो पेंड मागितली.

दुकानदारानं काळजीनं विचारलं, "जनावर आजारी आहे का?"

"जनावर नाही. मासा."

"मासा आजारी आहे?"

पौडपासून मुळा नदी सोबतीला येते आणि पुढं एकदम पाणीच पाणी. धरणाच्या भिंतीजवळ जायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. आम्ही वरच्या अंगाला, एका शेतकऱ्याला विचारून, त्याच्या बांधावरून काठावर उतरलो. कुठल्याही धरणावर आधी परवानगीचं विचारावं. इथं आम्हाला परवानगीबरोबर चहाही मिळाला.

काठावर एक आजोबा बसले होते. धोतर, टोपी, आणि हातात कार्बन फायबरची काठी, तिला चकचकीत रीळ.

साडूंनी बांबू पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला. दहा फुटी बांबू पाठीमागं लपत नाही.

"लय दिसांनी बघितली अशी काठी," आजोबा म्हणाले. "आमचा बा वापरायचा. ही नातवानं मोबाइलवरनं मागवून दिली. पाव्हणं, तुम्ही कुठनं आलात?"

"पुण्याहून."

"हां. पुण्याकडं अजून जुनं धरून हाईत."

आजोबांच्या पिठाच्या गोळ्याला व्हॅनिलाचा वास येत होता. कस्टर्ड पावडर, त्यांनी सांगितलं, आणि त्यात थोडा कापूस पिंजून घालायचा. कापूस का? तर पीठ पाण्यात विरघळत नाही, गळाला धरून राहतं. साडूंचा तुपातला गोळा त्यांनी बोटानं दाबून पाहिला आणि खाऊन बघितला. "गोड झालाय," म्हणाले. "पर माशापातूर पोचायचा न्हाई."

खरंच पोचला नाही. साडूंनी १/० च्या गळावर लिंबाएवढा गोळा लावला, काठी फिरवली, गोळा हवेत सुटून एकीकडं गेला आणि गळ दुसरीकडं. दुसऱ्या वेळेला गोळा पाण्यात पडला आणि मोरपिसाचा दांडा थरथरू लागला. थरथर थांबली. गळ वर काढला तर लखलखीत स्वच्छ. पुन्हा गोळा, पुन्हा थरथर, पुन्हा स्वच्छ. साडूंनी याचा निष्कर्ष असा काढला, की खाली महाशीर आहे आणि तो हुशार आहे.

"चिलापी हाय," आजोबा म्हणाले. "तिचं तोंड केवढं, तुमचा गळ केवढा."

गळाची सारी विद्या त्या एका वाक्यात आहे. दुकानात आपण गळ निवडतो तो मनातल्या माशाच्या मापानं. निवडायचा असतो पाण्यातल्या माशाच्या तोंडाच्या मापानं. आपल्या तळ्यांतले तीन मोठे कार्प म्हणजे एकाच वाड्यातले तीन मजल्यांवरचे भाडेकरू. वरच्या मजल्यावर कटला. त्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळ खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळाशी मृगळ, त्याचं तोंड खाली, तो चिखलातलं वेचतो. म्हणून शिसं किती लावायचं आणि बोया किती वर बांधायचा, हे भाडेकरू कोण त्यावर ठरतं. या तिघांनाही जठर नावाची पिशवी नसते, त्यामुळं पोट भरलं म्हणून थांबणं नाही. थोडं थोडं, सारखं खाणं. आमिष लहान आणि मऊ हवं ते यासाठी. मरळाची गोष्ट निराळी. तो हवा घ्यायला वर येतो, जिवंत, हलणाऱ्या वस्तूवर झेप घेतो, त्याला बेडूक किंवा बेडकासारखं रबरी काहीतरी लागतं. पण मरळाची जोडी पिल्लांचा तांबूस थवा राखत फिरताना दिसली तर गळ गुंडाळून घ्यावा, असं आजोबांनी न विचारता सांगितलं.

आणि चिलापी? ती कुठल्याच मजल्यावर भाडं भरत नाही. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्याकडं आणली गेली, आणि आता गांडूळ, कणीक, पाव, पेंड, शेवाळ, इतर माशांची अंडी, काहीही खाऊन सगळीकडं मजेत आहे. साडूंचा तुपातला गोळा तिला फार आवडला.

मग गळ अडकला. साडू "लागला! लागला!" म्हणून ओरडले, बांबू धनुष्यासारखा वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला. मासा हलतो. हे हलत नव्हतं.

"बांध हाय त्यो," आजोबा म्हणाले.

खाली खाचरं आहेत. आता पाणी आहे तिथं आंबेमोहोर व्हायचा. धरणासाठी टाटांनी जमिनी घेतल्या, तेव्हा मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते इथं. बायकापोरांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, आणि शेवटी धरण झालंच. १९२७ पासून हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर जातं. आजोबांच्या घरचं खाचर नेमकं कुठं होतं ते त्यांना माहीत आहे. मासे तिथंच सापडतात, असं ते म्हणाले. बांधाच्या कडेला गाळ साचतो, किडे राहतात, मृगळ तिथं चरतो. रीळ, काठी, कस्टर्ड पावडर सगळं नातवाचं, पण जागा त्यांच्या आजाची. साडू बराच वेळ गप्प होते. गणितशिक्षकाला क्षेत्रफळ कळतं.

मग त्यांनी दोरा कापला. एक भागिले शून्य मुळशीच्या तळाशी एका बांधाला लागून राहिला.

आजोबांनी आपल्या डबीतून बारा नंबरचा, उंदराच्या मिशीएवढा गळ काढून दिला आणि कापूस घातलेल्या पिठाची हरभऱ्याएवढी गोळी लावून दिली. पहिल्याच थरथरीला साडूंनी काठी उचलली आणि एक चिलापी काठावर आली. लांबी तळहाताएवढी. संध्याकाळी पुण्यात फोनवर ती कोपरापर्यंत वाढली होती. सोसायटीत पोचेपर्यंत ती महाशीर होण्याची शक्यता होती, पण गेटवरच सेक्रेटरी गांडुळांचा हिशेब विचारायला उभे होते आणि विषय बदलला.

काठावर एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. पलीकडं पाण्यातल्या खुंटावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता आणि त्याच्या पायाला कुणीतरी टाकून दिलेली तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेली होती. आम्ही जवळ जाताच तो उडाला, तंगूस लोंबत गेली. नायलॉन कुजत नाही. वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि पाण्यावर उतरणारा कुठलाही पक्षी त्यात अडकू शकतो.

तेव्हा मुळशीला जाणार असाल तर महागड्या काठीवाचून काही अडत नाही. दहा-बारा नंबरचे बारीक गळ, हलकं शिसं आणि कापूस घातलेलं पीठ एवढं पुरे. पावसाच्या सुरुवातीला मासे अंड्यांवर असतात, तेव्हा घरी बसा. महाशीर लागलाच तर हात ओले करा, गळ काढा आणि त्याला परत पाण्यात सोडा. फोटो नसला तरी लोक तुमच्यावर जेवढा ठेवायचा तेवढाच विश्वास ठेवतील. आणि तुटलेली तंगूस, इंच न् इंच, खिशात घालून परत आणा.