उजेडात फूट, अंधारात युती

पेरोव्हस्काइट सौरसेलचा नवा विक्रम झाला की बातमीत आकडा येतो; तो कुठल्या दिशेने मोजला, हे येत नाही. हसू नका. व्होल्टेज वरून खाली आणत मोजलं तर एक आकडा, खालून वर नेत मोजलं तर दुसरा, आणि हा दुसरा बहुतेक वेळा कमी. ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांच्या गटाने २०१४ साली हा विक्षिप्तपणा चव्हाट्यावर आणला. तोवर शोधनिबंधांत यातला कुठला आकडा मिरवला जात असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या विक्रमांच्या तक्त्यात या सेलच्या नावापुढे ‘स्थिरावलेले नाहीत’ अशी टीप असायची. बातमीत ती टीप कधी आली नाही.

स्थिरावणार कसे? सिलिकॉनमध्ये अणू जागचा हलत नाही, फक्त इलेक्ट्रॉन धावतात. पेरोव्हस्काइटमध्ये स्फटिकाचे घटकच चालू लागतात. शिसं, आयोडीन आणि एक सेंद्रिय घटक यांचं द्रावण काचेवर पसरायचं, शंभरेक अंशांवर शेकायचं, की स्फटिकाचा थर तयार. सिलिकॉन वितळायलाच १४१४ अंश लागतात. इतक्या स्वस्तात काम उरकलं की आयोडाइडच्या, म्हणजे आयोडीनच्या आयनांच्या, पुष्कळ जागा रिकाम्या राहणारच. दुसऱ्या एखाद्या पदार्थाचा एवढ्या दोषांनी निकाल लागला असता. इथे इलेक्ट्रॉन या खड्ड्यांत फारसे अडकत नाहीत, कारण खड्डे उथळ आहेत. जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने २००९ साली ३.८ टक्के कार्यक्षमतेवर सुरू केलेली गाडी आज २६ टक्क्यांपुढे गेली, त्यात या उदारपणाचा वाटा मोठा.

पण इलेक्ट्रॉनने माफ केलेली रिकामी जागा आयनाला दिसतेच. शेजारचा आयोडाइड तिथे उडी मारतो, त्याची जागा मोकळी होते, तिथे पुढचा येतो. बाथ विद्यापीठातल्या सैफुल इस्लाम यांच्या गटाने २०१५ साली या उडीची चढण सुमारे ०.५८ इलेक्ट्रॉनव्होल्ट काढली. साध्या खोलीच्या तापमानालाही ती पार होते. मग आयन कडेला जाऊन साचतात आणि सेलच्या आतलं विद्युतक्षेत्र झाकोळतं. हे सगळं सेकंदांच्या, कधी मिनिटांच्या चालीने घडतं. आपण मोजेमोजेपर्यंत आतली मांडणी बदललेली असते. काही भटके थेट चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात आणि चांदीचं सिल्व्हर आयोडाइड करून टाकतात.

आता मला सर्वांत आवडलेला प्रकार. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवून केलेल्या टँडेम सेलसाठी आयोडाइडमध्ये ब्रोमाइड मिसळतात. स्टॅनफर्डमध्ये एरिक होक आणि सहकाऱ्यांना दिसलं की या मिश्रणावर प्रकाश टाकला की मिनिटभरात आयोडाइडवाले एकीकडे आणि ब्रोमाइडवाले दुसरीकडे गोळा होऊ लागतात. दिवा मालवला की काही मिनिटांत पुन्हा एकजीव. उजेडात फूट, अंधारात युती! हा शोध कॅलिफोर्नियात लागावा, याचं महाराष्ट्राने वाईट वाटून घ्यायला हवं. इथे तर या विषयाची सामग्री दर निवडणुकीत फुकट मिळते, रिकाम्या जागा पाहून मारलेल्या उड्यांसकट.

उपाय निघाले नाहीत असं नाही. पोटॅशियमने कणांच्या सीमा बुजवल्या, सीझियम मिसळलं, थरांची रचना उलटी केली. उलट्या रचनेत वर जाताना आणि खाली येताना आकडे जवळपास जुळले. टाळ्या पडल्या. २०१६ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजने दाखवलं की अशा सेलमध्येही आयन हलतातच, फक्त मोजमापात दिसत नाहीत. चौकशी समितीचा अहवाल स्वच्छ आला एवढंच.

टिकाऊपणाची परीक्षा त्याहून गमतीची. सौर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकातली दमट उष्णतेची चाचणी म्हणजे ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, आणि तेही अंधाऱ्या पेटीत. सिलिकॉनला ठीक आहे. पण ज्याचे आयन उजेड आणि व्होल्टेज मिळालं की उठतात, त्याची परीक्षा दिवा बंद करून घ्यायची? २०२० साली या क्षेत्रातल्या संशोधकांनी एकत्र येऊन उजेड-अंधाराच्या फेऱ्यांच्या चाचण्या सुचवल्या, कारण काही सेल रात्रीत सावरतात तर काही या फेऱ्यांनीच लवकर थकतात. छतावर रोज रात्र होते, हे कागदावर यायला पहिल्या सेलनंतर अकरा वर्षं लागली.

दरम्यान आकडे येतच आहेत. २०२४ च्या जूनमध्ये चीनच्या लोंगीने टँडेम सेलचा ३४.६ टक्क्यांचा विक्रम जाहीर केला. त्याच सप्टेंबरात ऑक्सफर्ड पीव्हीने पहिले व्यापारी टँडेम पॅनेल अमेरिकेला धाडले, त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के. विक्रम नखाएवढ्या सेलचा, विक्री अख्ख्या पॅनेलची. या फरकाचा सगळा दोष आयनांवर टाकणं अन्यायाचं होईल, आकार वाढला की बरंच काही गळतं. मला मात्र यातला २४.५ जास्त आवडला, कारण तो उन्हात उभा राहायला निघाला आहे.

उद्या कुणी विक्रेता असं पॅनेल घेऊन तुमच्या दारात आला आणि सिलिकॉनसारखीच पंचवीस वर्षांची हमी देऊ लागला, तर चहा पाजा आणि हिशेब करायला सांगा. मियासाकांच्या गटाचा पहिला सेल स्वतःच्याच द्रवात मिनिटांत विरघळू लागला होता. तो टिकला असता, तरी २०३४ पर्यंत त्याची पंचविशी भरली नसती.