तज्ज्ञ मिळतील, शनिवारी

कर्जत तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, हा शुद्ध अपप्रचार आहे. शनिवारी संध्याकाळी सातनंतर नेरळ-कळंब रस्त्याला किंवा कशेळ्याच्या बाजूला एक चक्कर टाका. एका फार्महाऊसवर हृदयरोगतज्ज्ञ कणसं भाजत असतात, शेजारच्या गेटाआड भूलतज्ज्ञ बाई पनीरला मसाला चोळत असतात, पलीकडे हाडांचे सर्जन पोहण्याच्या टाकीत पाय सोडून बसलेले असतात. दरडोई तज्ज्ञांचा हिशोब त्या रात्री काढला, तर आम्ही बहुधा दादरलाही मागे टाकू. अडचण एवढीच की हे सगळं मनुष्यबळ रविवारी दुपारी चौक फाट्याच्या वाहतूककोंडीतून मुंबईला परत जातं. तेव्हा तालुक्यातल्या लोकांनी आपले झटके, अडलेली बाळंतपणं आणि साप शनिवार-रविवारकडे ढकलावेत, एवढी शिस्त अंगी बाणवली की प्रश्न मिटला.

उरलेल्या पाच दिवसांबद्दल केंद्र सरकारनेच २०२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सांगून ठेवलं आहे. तालुक्याच्या पातळीवरच्या ग्रामीण रुग्णालयांत सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन जेवढे हवेत, त्यांच्यात देशभर सुमारे ८० टक्क्यांची तूट आहे. म्हणजे पाच खुर्च्या मांडल्या तर चार रिकाम्या. पाचवीवर जो बसलाय तो बऱ्याचदा मीटिंगला गेलेला असतो, ते या आकडेवारीत येत नाही.

आता तज्ज्ञ घडतो कसा ते पाहू. एमबीबीएस झालेल्या पोराला आधी 'नीट पीजी' नावाची चाळण लागते. २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला उणा एक. २०२४ मध्ये ही परीक्षा २३ जूनला होती. आदल्या रात्री, पोरं परगावच्या लॉजवर पोहोचून हॉल तिकीट उशाशी ठेवून झोपण्याच्या बेतात असताना, परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. मेगाब्लॉक असला तरी मध्य रेल्वे आम्हांला शुक्रवारी कळवते. मग ती ११ ऑगस्टला दोन पाळ्यांत झाली आणि दोन्ही पाळ्यांचे गुण 'नॉर्मलायझेशन' नावाच्या गणिताने एका पातळीवर आणले गेले. हे गणित पोरांना कळलं नाही, पोरांच्या प्राध्यापकांना कळलं नाही. खोपोलीतल्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट जड की सेकंड, हा वाद कित्येक वर्षं चाललाय. तो मिटवायला त्या गणितज्ञांना एकदा पाठवून द्यावं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कान धरले, तेव्हा कुठे परीक्षा एकाच पाळीत झाली.

चाळणीची भोकं किती मोठी असावीत, याचाही शोध लागलेला आहे. २०२३ मध्ये पात्रतेची रेषा सरसकट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. उणे गुण मिळवणाराही पात्र ठरला. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून हे केलं, असं सांगतात, आणि त्या रिकाम्या जागा बऱ्याच अंशी शरीररचना, शरीरक्रिया अशा विषयांतल्या होत्या हेही खरं. वरच्या रँकची पोरं रेडिओलॉजीकडे आणि त्वचारोगाकडे पळतात. रात्री तीनला कुणाचाही मुरुम इमर्जन्सीत येत नाही, एवढं शहाणपण चोविसाव्या वर्षी यायला हुशारीच लागते. कशेळ्याच्या पलीकडे, खांडसच्या बाजूला झोळीतून खाली आणल्या जाणाऱ्या बाळंतिणीला मात्र रेडिओलॉजिस्टचा फारसा उपयोग नसतो.

जागा मिळाली की पोराचा 'जेआर वन' होतो, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. हा 'निवासी' शब्द अक्षरशः घ्यायचा. १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेत लिहिलंय की सलग बारा तासांवर ड्यूटी नको आणि आठवड्याचे साधारण ४८ तास. बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने या पोरांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला आणि शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. ४८वरून ७४वर जाण्याला सुधारणा म्हणतात, हे वाचून मला आमच्या तलाठी कार्यालयाची आठवण झाली. मधल्या काळात आलेल्या २०२३च्या नियमावलीत तर आकडाच काढून टाकलाय. कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि विश्रांतीला 'वाजवी' वेळ मिळावा, एवढंच. साप्ताहिक सुट्टी आहे, पण कामाची निकड नसेल तर. सरकारी इस्पितळात कामाची निकड नाही असा वार कुणी पाहिला असेल, तर त्याने मार्डला, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेला, कळवावं. संपाच्या मागण्यांतली एक तरी कमी होईल.

माझ्या माहितीतला एक असा जेआर कर्जतचा आहे. छत्तीस तासांची ड्यूटी संपवून तो भायखळ्याला गाडीत शिरतो आणि ठाण्याच्या आत घोरायला लागतो. त्याचं नशीब एवढंच की कर्जत लोकल कर्जतलाच संपते, शंभर किलोमीटरवर. झाडूवाला उठवतो. त्याच्याच युनिटमधला खोपोलीचा पोरगा याच्याइतका सुखी नाही. तो चुकून कर्जत लोकलमध्ये शिरला तर कर्जतच्या फलाटावर जाग येऊन पुढच्या खोपोली गाडीची वाट बघत वडापाव खातो, आणि बाकावर पुन्हा झोपल्यामुळे तीही गाडी जाते. घरी आई विचारते, "अरे, तुझा अभ्यास कधी?"

कर्जत स्टेशनबद्दल एक गोष्ट रेल्वेला दीडशे वर्षांपूर्वी कळली, ती वैद्यकीय शिक्षण खात्याला अजून कळलेली नाही. बोरघाटाचा चढ ३७ला एक असा आहे. भरलेली गाडी एका इंजिनाच्या जिवावर चढणार नाही, म्हणून कर्जतला तिच्या मागे बँकर इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. खातं मात्र ऐन घाटात पोराच्या गाडीला आणखी डबे जोडतं. थीसिस, लॉगबुक, संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स, एक पोस्टर, एक पेपर आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन स्वतः रक्तपेढीत जाणं. मागून ढकलायला युनिटचे सर असतात, पण ते ढकलतात ते वेगळ्या अर्थाने.

आणि वर घाटमाथ्यावर अंतिम परीक्षा उभी असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची एमडी-एमएस, नाहीतर दिल्लीच्या बोर्डाची डीएनबी. लेखी परीक्षेबद्दल बोलण्यासारखं काही नाही. घोकलं की होते. खरा सोहळा प्रॅक्टिकलचा. एक 'लाँग केस', दोन-तीन 'शॉर्ट केस', मग टेबलावरची तोंडी. या केसेस परीक्षेच्या आठवड्यात आपण होऊन आजारी पडत नाहीत, त्या जमवाव्या लागतात. त्यामुळे दर परीक्षेआधी ज्युनिअर पोरं जुने केसपेपर काढून फोन लावत सुटतात. "काका, तुमची ती झडप आहे ना अजून? या ना मंगळवारी."

आमच्या बाजूचे असे एक काका आहेत. त्यांच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने आकसलेली आहे. उमेदवाराने 'पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून, स्टेथोस्कोपच्या बेलने ऐकायचं' असं आठवायच्या आतच ते डावीकडे वळतात आणि श्वास सोडून थांबतात. उमेदवार फारच गडबडला तर ते छताकडे बघत पुटपुटतात, "गेल्या वेळच्या ताईंनी इथं लावून ऐकलं होतं. गोल्ड मेडल मिळालं त्यांना." येण्याजाण्याचं भाडं, चहा, जेवण, वर शंभर-दोनशे रुपये. काकांमुळे कितीतरी डॉक्टर पास झाले. काकांची झडप होती तिथेच आहे, कारण ती दुरुस्त झाली तर पुढच्या बॅचचं नुकसान होईल, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. तो खोडून काढायला कुणाला वेळ झालेला नाही. सगळे परीक्षेच्या गडबडीत असतात.

घाटाच्या पायथ्याशीही एक माणूस उभा आहे, त्याला विसरून चालणार नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाला की वर्षभर सरकारी सेवा करण्याचा बंध. तो मोडला तर १० लाख, आणि पदव्युत्तरचा मोडला तर ५० लाख. म्हणून आमच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, गावाचं नाव सांगत नाही, एक चष्मेवाला तरुण मेडिकल ऑफिसर बसलेला असतो. टेबलाच्या वर ओपीडी चालते, टेबलाच्या खाली मोबाइलवर प्रश्नसंचाचं ॲप. बाहेर ओटीवर ठाकूरवाडीतली बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेली. आत तो शोधतोय, अमुक दुर्मिळ एन्झाइमची उणीव खालीलपैकी कोणत्या आजारात आढळते. तो आजार दहा लाखांत एकाला होतो. पण रँकमध्ये तो हजारो जागा खाली-वर करतो, आणि बाहेरचा ताप एकही जागा करत नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर ॲपची सबस्क्रिप्शन दोन वर्षांची घेतली असती.

या ॲपमध्ये विंचूदंशावरही प्रश्न असतो. लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम झालेल्या रुग्णाला कोणतं औषध द्याल? चारांतला बरोबर पर्याय, प्राझोसिन. तो पर्याय त्या यादीत आला कुठून? आमच्याच रायगड जिल्ह्यातून. १९७६च्या सुमारास महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर नेमणुकीवर आले. विंचू चावलेली पोरं थंड पडून, फुप्फुसात पाणी भरून मरताना ते रात्र-रात्र उशाशी बसून बघत राहिले, नोंदी ठेवत राहिले. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन या रुग्णांना देता येतं, हे त्यांनी पुढे दाखवून दिलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि कोकणातली विंचवाची भीती उतरली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज बिरवाडीला त्यांची नेमणूक झाली असती तर हितचिंतकांनी सांगितलं असतं, डॉक्टर, विंचवावर फार तर एक प्रश्न येतो, त्यात वेळ घालवू नका.

म्हणून विद्यापीठाला आणि बोर्डाला माझा एक नम्र प्रस्ताव आहे. प्रॅक्टिकल परीक्षा कर्जत-खालापुरात घ्या. तारीख जुलैतली. एक्स्टर्नल परीक्षक मुंबईहून बोलावण्याची गरज नाही, आमच्याकडे आहेत: वाडीवरच्या आशाताई, पंचवीस वर्षं रात्रपाळी केलेल्या एक सिस्टर आणि १०८चा चालक.

लाँग केस पहाटे चारची. जमिनीवर झोपलेल्या कातकरी बाईच्या पोटात कळा. उलटी एकदा. अंगावर कुठेही खूण नाही. उमेदवाराने पोट चाचपून 'ॲसिडिटी' म्हटलं की आशाताई पदराला हात पुसत विचारतील, "साहेब, तिच्या पापण्या बघितल्यात का?" मण्यार रात्री चावतो, दुखत नाही, दात उमटत नाहीत. सकाळी पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास. हे पुस्तकात आहे, प्रश्नसंचातही आहे. पण पुस्तकात ती बाई "पोटात दुखतंय" म्हणून येत नाही, 'मण्यारदंशाची लक्षणे' म्हणून येते.

शॉर्ट केस घोणसाची. सिस्टर नळी मागतील. रक्त गोठतंय का हे वीस मिनिटांत बघायचं, त्याला साधी, कोरडी काचेची नळी लागते. उमेदवाराने प्लॅस्टिकची पुढे केली की नापास. काचेची, पण साबणाने धुतलेली, तरी नापास. बरोबर नळी दिली आणि वीस मिनिटं ती न हलवता ठेवली, तर पास. त्या वीस मिनिटांत पेशंटच्या भावाला, मेव्हण्याला आणि सरपंचाला शांतपणे समजावलं, तर विशेष प्रावीण्य.

तोंडी परीक्षा खालापूर टोलनाक्याजवळ, रुग्णवाहिकेत. द्रुतगती मार्गावरचा अपघात, दोन जखमी, स्ट्रेचर एकच. चालक गिअर टाकता टाकता विचारेल, "कुठं घेऊ? पनवेल, कामोठे, की अलिबाग?" इथे 'संदर्भग्रंथात तीन मतं आहेत' असं उत्तर चालणार नाही. 'हायर सेंटर' असंही चालणार नाही, कारण चालकाला ते कोणत्या फाट्याला वळतं हे माहीत नसतं. शेवटचं टेबल म्हणजे रेफर चिठ्ठी. काय दिलं, किती वाजता दिलं, पुढच्याला फोन केला का. अक्षर वाचता आलं नाही तर पुन्हा सहा महिन्यांनी.

परीक्षकांच्या मानधनाचा एक किरकोळ मुद्दा राहतो. मुंबईच्या एक्स्टर्नलला प्रवासभत्ता, निवास आणि दुपारचं जेवण देण्याची विद्यापीठाची पद्धत आहे. आशाताईंना जेवण नको, डबा असतो त्यांचा. त्यांचं म्हणणं एवढंच, की परीक्षेचे पैसे सावकाश दिले तरी चालतील, पण सरकारकडचं थकलेलं मानधन तेवढं आधी निघतंय का बघा.