शून्याचे पंचवीस टक्के

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
नोव्हेंबर 2025

ती. नाना व माई यांस शि. सा. न. वि. वि.

जुनी गाडी मोडीत देऊन विजेची घेणाऱ्याला सरकारकडून मिळणारी मदत साधारण तीन वाटांनी येते: जुनी दिल्याबद्दल रोख, नवी घेतल्याबद्दल अनुदान आणि करात माफी. तिन्ही वाटांच्या तोंडाशी एकेक अट उभी असते. जळगावच्या घरी 2005 सालची मारुती 800 आहे आणि फ्रीमॉन्टच्या घरी गेल्या सप्टेंबरपर्यंत 2003 सालची टोयोटा कोरोला होती, त्यामुळे विषयाचा अभ्यास दोन्ही टोकांना झालेला आहे. रविवारच्या फोनवर हा विषय निघाला की नानांचा आवाज चढतो आणि माई फोन काढून घेतात. म्हणून या वेळी सगळे कागदावर, आणि तेही तिऱ्हाइताच्या भाषेत, म्हणजे मुलगा बापाला शिकवतो आहे असे कुणाला वाटायला नको.

आधी अमेरिका, कारण तिथले प्रकरण मिटले आहे. 2022 च्या कायद्याने नव्या विजेच्या गाडीवर 7,500 डॉलरपर्यंत, म्हणजे आजच्या भावाने साडेसहा लाख रुपयांच्या आसपास, करसवलत ठेवली. गाडीची अखेरची जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली हवी, किंमत साध्या कारला 55,000 आणि मोठ्या गाडीला 80,000 डॉलरच्या आत हवी, नवराबायकोचे मिळून उत्पन्न तीन लाख डॉलरच्या आत हवे. उत्पन्न चालू वर्षाचे किंवा आदल्या वर्षाचे, जे कमी असेल ते धरायची मुभा होती. सिलिकॉन व्हॅलीत पगारवाढ न मिळाल्याचा आनंद एखाद्या घरात झाला असेल तर तो या नियमामुळेच. पुढे सरकार बदलले, कायदा बदलला आणि 30 सप्टेंबर 2025 ही सवलतीची शेवटची तारीख ठरली. त्या महिन्यात विक्रेत्यांकडे जी झुंबड उडाली ती पाहून जळगावच्या माणसाला धनत्रयोदशीचा सराफ बाजारच आठवावा.

रोख रकमेची वाट वेगळी. कॅलिफोर्निया राज्य जुनी, धूर ओकणारी गाडी मोडीत देणाऱ्याला 1,350 डॉलर देते आणि कमी उत्पन्नाच्या घराला 2,000. त्याशिवाय जुनी मोडून विजेची घेणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बे एरियात 12,000 डॉलरपर्यंतची वेगळी योजना आहे, पण संगणकवाल्या मराठी कुटुंबाने तिची माहितीपत्रके नुसती वाचावीत. मोडीच्या योजनेतली खरी गंमत तिच्या अटीत आहे. गाडी स्वतःच्या पायांनी, म्हणजे चाकांनी, मोडणीच्या अंगणात आली पाहिजे, टोचन लावून आणलेली चालत नाही. दारे, बॉनेट, पुढची काच आणि चालकाची सीट जागेवर हवी, दिवा लागला पाहिजे, ब्रेकचा दिवाही लागला पाहिजे. मरायला आलेला धडधाकट आहे याची खात्री करूनच त्याला मारायचे, असा हा कारभार. कारण सरळ आहे: जी गाडी चालतच नाही ती धूर सोडत नाही, आणि न सुटणाऱ्या धुराचे पैसे सरकार का मोजील? कोरोलाचा पुढचा दिवा या तपासणीसाठी मुद्दाम बदलून घेण्यात आला. बावीस वर्षांत तिच्यावर झालेला तो शेवटचा खर्च.

2009 सालचा अमेरिकी प्रयोग याहून कठोर होता. तेव्हा जुन्या गाडीमागे 3,500 किंवा 4,500 डॉलर मिळत. मंजूर झालेले एक अब्ज डॉलर पाहता पाहता संपले, आणखी दोन अब्ज घालावे लागले, आणि पावणेसात लाखांच्या वर गाड्या मोडीत गेल्या. त्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातले तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होऊन बंद पडेपर्यंत चालू ठेवायचे, असा नियमच होता. जळगावातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला हे सांगू नये. चालते इंजिन हेतुपुरस्सर मारणे हा प्रकार खानदेशात पापाच्या यादीत मोडतो. धुळ्याच्या आत्यांनी तर कोरोलाची बातमी ऐकताच विचारले होते, ‘कसाले मोडस रे भाऊ? चालस ना ती आजून!’

कोरोलाच्या जागी घेतलेली विजेची गाडी ज्या कारखान्यातून आली तो घरापासून जवळच. 1984 पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा तो भागीदारीतला कारखाना होता. तिथे कोरोला बनत. 2010 मध्ये तो बंद झाला, टेस्लाने घेतला आणि 2012 पासून तिथून विजेच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे जुनी आणि नवी एकाच माहेरच्या.

असल्या योजनांचा भरवसा किती धरावा, हे जर्मनीने दाखवले आहे. तिथले विजेच्या गाडीचे अनुदान 17 डिसेंबर 2023 च्या रात्री संपले, आणि ते संपणार असल्याचे जाहीर झाले आदल्या दिवशी. शनिवारी दवंडी, रविवारी दार बंद. कॅनडाच्या केंद्रीय योजनेतले पैसे जानेवारी 2025 मध्ये आटले. ‘योजना मार्चपर्यंत आहे’ असे कुणी म्हणाले की जानेवारीतच अर्ज करावा.

आता मुख्य विषय, म्हणजे नानांची मारुती. टीव्हीवरच्या बातम्यांमुळे नानांनी घेतलेली धास्ती आधी बाजूला ठेवली पाहिजे. डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षे हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा आहे. 1 जुलै 2025 पासून दिल्लीतल्या पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि दोनच दिवसांत तो निर्णय गुंडाळावा लागला. जळगावला, म्हणजे एमएच-19 ला, त्याचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवता येते. मारुतीची ती 2020 मध्ये वाढवली होती, यंदा पुन्हा मुदत आली. मात्र फी आता पहिल्यासारखी राहिलेली नाही: पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारला 10,000. पर्यावरण कर वेगळा. सरकार गाडी मोडा म्हणत नाही, फक्त ठेवण्याचे भाडे वाढवते.

केंद्र सरकारचे मोडीत काढण्याचे धोरण 13 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाले. गाडी नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्यायची, ते ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ नावाचा दाखला देते, आणि तो दाखवला की नव्या गाडीच्या मोटार वाहन करात खासगी वाहनाला 25 टक्क्यांपर्यंत सवलत राज्याने द्यावी, अशी तरतूद आहे. प्रत्यक्ष टक्का राज्यागणिक वेगळा. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरली आहे. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्येच थांबले असल्याने तिची ‘नवी किंमत’ काय धरायची हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. व्यवहारात साडेसहाशे किलोच्या पत्र्याचा भाव मिळतो, एवढेच.

आता विजेच्या गाडीकडे यावे. महाराष्ट्रात पेट्रोलच्या कारवर एकरकमी कर दहा लाखांपर्यंत 11 टक्के आहे. नऊ लाखांची गाडी घेतली तर 99,000 रुपये. दाखल्यावर पूर्ण 25 टक्के मिळाले तर त्यातले जवळपास 25,000 वाचतात. विजेच्या गाडीला मात्र हा कर राज्याने माफच केला आहे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होता, तोही त्याच महिन्यात मागे घेतला गेला. तेव्हा विजेची गाडी घेताना मारुतीच्या दाखल्यावर जी सवलत मिळायची ती शून्य रुपयांवर मिळते. शून्याचे पंचवीस टक्के किती, हे माईंनी शाळेत पस्तीस वर्षे शिकवले आहे.

आधीच्या, 2021 च्या राज्य धोरणात ही दोन टोके जोडलेली होती. जुनी मोडून विजेची कार घेणाऱ्याला 25,000 रुपयांपर्यंत वेगळे मिळायचे, अट एवढीच की कंपनीने किंवा विक्रेत्यानेही आपला वाटा घालावा. ते धोरण 31 मार्च 2025 ला संपले. मंत्रिमंडळाने 29 एप्रिल 2025 रोजी मंजूर केलेल्या 2030 पर्यंतच्या नव्या धोरणात करमाफी आहे, नोंदणी शुल्क माफ आहे, आणि खासगी कारला ठरावीक संख्येपर्यंत किमतीच्या दहा टक्के, जास्तीत जास्त दीड लाख रुपये अनुदान आहे. यांतले काहीही मिळवण्यासाठी जुनी गाडी मोडावी लागत नाही. फ्रीमॉन्टहून गेले वर्षभर लावलेला ‘ती मारुती द्या आणि सवलत घ्या’ हा धोशा त्यामुळे अर्धाच खरा ठरतो, आणि नाना हे वाक्य फोनवर मोठ्याने वाचणार यात शंका नाही.

टोलमाफीचे तसेच. ती आहे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. ऑगस्ट 2025 मध्ये सुरुवातही झाली. तिघांतला एकही रस्ता खानदेशातून जात नाही. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी कारला काही नाही, स्कूटर, रिक्षा, बस आणि ट्रकला आहे. जीएसटी विजेच्या गाडीला 2019 पासून पाच टक्के आहे. छोट्या पेट्रोल गाडीला उपकर धरून 29 होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झाला. म्हणजे दोघींमधले अंतर चोवीसवरून तेरावर आले. दसऱ्याच्या सुमारास नाना ज्या जोमाने पेट्रोलच्या बाजूने बोलत होते त्याचे कारण हेच असावे.

खर्चाचा खरा हिशेब रस्त्यावर होतो. जळगावहून बांभोरीचा गिरणा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळे, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे नव्वद. मारुती लिटरला पंधरा देते असे धरले (नाना अठरा म्हणतात) तर तेरा लिटर पेट्रोल, शंभरावरच्या भावाने तेराशेहून जास्त. छोट्या विजेच्या गाडीला याच फेरीला गळती धरून तीसेक युनिट लागतील. युनिट पंधरा रुपयांनी धरला तरी साडेचारशे. मात्र चोवीस युनिटची बॅटरी मे महिन्यात एसी लावून जाता-येता पुरेलच असे नाही. आत्यांकडे पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटला गाडी लावली तर तासाला तीन युनिट जातात. भरीत-भाकरी, नंतर शेवभाजी का नको यावर चर्चा, मग आडवे होणे, यात तीन तास सहज जातात. नऊ युनिट, साठ किलोमीटर. परतीची सोय झाली. आत्यांचे वीजबिल कोणत्या स्लॅबमध्ये जाईल हा प्रश्न नात्याचा आहे, तांत्रिक नाही.

घरी भरायचे तर वेगळे मीटर सक्तीचे नाही, घरगुती दरानेच भरता येते. पण महिन्याचे युनिट शंभराच्या आणि तीनशेच्या पुढे गेले की दर वाढतो, तो धरूनच हिशेब करावा. अर्थिंग तपासून घ्यावे. पेठेतल्या घराला अंगण नाही, गाडी गल्लीत उभी राहते. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडण्याची नानांची कल्पना कृपया अमलात आणू नये. जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा मे बॅटरीला मानवत नाही. पूर्ण भरलेली गाडी भर उन्हात उभी करू नये, सावली शोधावी. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा 1.6 लाख किलोमीटरची देतात. नानांचे फिरणे म्हणजे रोज भाजीबाजार आणि महिन्याकाठी एक धुळे, तेवढ्यात आठ वर्षे सहज निघतील, पण पेट्रोलच्या बचतीतून गाडीची किंमत निघणे कठीण. रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याचे गणित वेगळे असते.

धुराचे म्हणाल तर तो नाहीसा होत नाही, गल्लीतून उठून बराचसा दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यात जातो. साक्री तालुक्यातल्या महानिर्मितीच्या 125 मेगावॉटच्या सौर प्रकल्पामुळे दिवसाची थोडी वीज उन्हाचीही मिळते. माईंच्या दम्याला गल्लीतला धूर कमी झालेला बरा.

मारुती द्यायचीच ठरली तर नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ नये. तो पत्रा नेतो, नोंदणी नानांच्याच नावावर राहते, आणि उद्या त्या नंबरावर काही झाले तर पोलीस पेठेत येतात. मोडणी केंद्र नोंदणी रद्द करून दाखला देते, तो कागद कपाटात हवा. फास्टॅग बंद करावा. विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, 50 टक्क्यांपर्यंतचा तो नव्या गाडीला लावून घेता येतो, त्याचे पत्र विमा कंपनीकडून आधी घ्यावे. नानांनी जुलैत 745 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 879 रुपये भरून लावलेली नवी नंबरप्लेट मात्र गाडीबरोबरच जाईल, तिचा परतावा कुठल्याही योजनेत नाही.

कळावे.