आणखी काही?

सिरियल पोर्टवर अक्षरे एकेक बिट करत, रांगेने येतात. सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट धरले, तर ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे होतात, म्हणजे मिलिसेकंदाला जवळजवळ एक. माणसाला ही धांदल वाटते. प्रोसेसरचे मात्र दोन अक्षरांच्या मध्ये जेवण, वामकुक्षी आणि वर दुपारचा चहाही उरकतो. अशा वेळी त्याने सारखे दाराशी जाऊन ‘आले का?’ पाहणे म्हणजे पोस्टमनसाठी दिवसभर गॅलरीत उभे राहणे. या पद्धतीला पोलिंग म्हणतात. तिच्यात पत्र नक्की मिळते, पण घरात स्वयंपाक होत नाही. म्हणून दाराला बेल बसवतात. ती बेल म्हणजे इंटरप्ट, मराठीत व्यत्यय. मुंबई दूरदर्शनने लावलेल्या सवयीमुळे या शब्दापाठोपाठ ‘क्षमस्व’ येईल अशी वाचकाची अपेक्षा असते. सिरियल पोर्ट ती पुरी करत नाही.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम ८२५० नावाच्या चिपकडे होते. पहिल्या पोर्टला, म्हणजे कॉम१ ला, इंटरप्टची चौथी तार मिळाली आणि कॉम२ ला तिसरी. सगळ्या तारा ८२५९ या कंट्रोलरकडे जातात. कोण आधी आणि कोण नंतर ते तो ठरवतो आणि प्रोसेसरला हातातले काम खाली ठेवायला लावतो. मग ड्रायव्हरचा, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, हँडलर धावत येतो; बेलला ओ देणे हेच त्याचे काम.

बेल वाजण्याआधी ती जोडावी लागते. ड्रायव्हर आपला हँडलर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, नोंदवतो. मग चिपच्या एका रजिस्टरमध्ये चार बिट असतात, त्यांतून कोणकोणत्या कारणांसाठी बेल वाजवावी ते सांगतो. एवढे करून नवखा प्रोग्रामर कान टवकारून बसतो आणि बेल वाजत नाही. कारण पीसीमध्ये चिपची इंटरप्टची तार ‘आउट२’ नावाच्या, वरकरणी मोडेमच्या खात्यातल्या बिटामागून जाते. तो चालू केल्याशिवाय तार कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही. खोलीतली सगळी बटणे दाबून झाल्यावर मेन स्विच जिन्याखाली आहे हे कळावे, तसा हा प्रकार आहे.

बेल वाजली की हँडलर पहिल्यांदा विचारतो, ‘काय काम आहे?’ उत्तर इंटरप्टच्या ओळख-रजिस्टरात असते आणि ते वाचायला थोडा सराव लागतो. त्यातला शेवटचा बिट शून्य असेल तर काम आहे, एक असेल तर काम नाही. सगळेच बिट शून्य असतील तर ‘काही नाही’ असे समजू नये. त्याचा अर्थ ‘मोडेमची स्थिती बदलली’ असा होतो. ‘काही नाही’ असे म्हणून बरेच काही सांगणाऱ्या माणसांच्या घरात वाढलेल्यांना हे लवकर समजते.

कामे चार प्रकारची असतात आणि त्यांची प्रतवारी चिपमध्येच पक्की केलेली असते. पहिला मान तक्रारीचा: अक्षर मोडके आले, किंवा आधीचे उचलले नाही म्हणून दुसरे त्याच्यावर येऊन बसले. दुसरा आलेल्या अक्षराचा. तिसरा ‘पाठवायची जागा रिकामी झाली, आणखी वाढा’ या मागणीचा. शेवटचा मोडेमच्या तारांचा. तक्रार मिटवायची असेल तर स्थितीचे रजिस्टर नुसते वाचायचे. वाचले की ती मिटते. सरकारी कचेरीला या तंत्राचा शोध स्वतंत्रपणे लागलेला आहे.

८२५० मध्ये आलेले अक्षर ठेवायला एकच जागा होती. वेग ११५२०० केला की दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवे अक्षर येते. तेवढ्यात प्रोसेसर पोचला नाही तर जुने अक्षर कायमचे जाते. पुढे आलेल्या १६५५० चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग दिली, पण तिच्यात दोष निघाला. १६५५०ए मध्ये ती नीट चालली. आता एक, चार, आठ किंवा चौदा अक्षरे जमली की बेल वाजवावी असे सांगता येते. चौदा सांगितले तर बेल कमी वेळा वाजते, पण उशिरासाठी पाव मिलिसेकंदच उरतो. तीनच अक्षरे येऊन रांग थांबली तर? चार अक्षरांचा वेळ वाट पाहून चिप बेल वाजवतेच. बसमध्ये चौदा उतारू भरेपर्यंत तिघांना ताटकळत ठेवण्याची पद्धत तिने उचललेली नाही.

पाठवण्याची बाजू पंगतीसारखी असते. पान रिकामे झाले की चिप बेल वाजवते आणि हँडलर पुढची वाढणी करतो. भांड्यातले संपले की त्याने ही बेल स्वतः बंद करायची. पुन्हा काही शिजले की नुसती चालू करायची. पान रिकामेच असल्याने चिप लगेच बेल वाजवते आणि वाढप आपोआप सुरू होते.

हँडलरला एक नियम फार कडकपणे पाळावा लागतो, तो म्हणजे दारातल्या गप्पा वर्ज्य. मराठी घरात पाहुणा निघायला उठल्यावर खरे बोलणे उंबऱ्यावर सुरू होते. हँडलरला ही चैन नाही. त्याला झोपता येत नाही, कोणासाठी थांबता येत नाही. अक्षरे उचलून आतल्या बफरमध्ये टाकायची आणि निघायचे. त्यांचा अर्थ लावणे, ओळी जुळवणे, मागणाऱ्या प्रोग्रामला देणे ही कामे आतले लोक सवडीने करतात.

आतल्या लोकांनाही पथ्य आहे. हँडलर आणि ड्रायव्हरचे इतर भाग एकाच माहितीला हात लावतात, म्हणून तिच्यावर कुलूप (लॉक) असते; इतर भागाने ते घेताना त्या प्रोसेसरवरची बेल बंद करायची. नाही तर कुलूप हातात असताना बेल वाजते, हँडलर त्याच कुलपासाठी अडतो, आणि हँडलर हटल्याशिवाय कुलूपवाल्याला हलता येत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात आणि पडद्यावरचा कर्सर लुकलुकायचा थांबतो.

गप्पा वर्ज्य असल्या तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय निघता येत नाही: ‘आणखी काही?’ पीसीच्या जुन्या आयसा (ISA) बसवर इंटरप्ट तारेची पातळी चढताना मोजला जात असे. एक काम उरकेपर्यंत दुसरे आले आणि हँडलर न विचारता गेला, तर तार वरच राहते. ती पुन्हा चढणार नाही, म्हणून बेलही पुन्हा वाजणार नाही. त्यामुळे ओळख-रजिस्टर ‘काम नाही’ म्हणेपर्यंत फेऱ्या मारायच्या. याच कारणाने कॉम१ आणि कॉम३ ने चौथी तार वाटून घेणे धोक्याचे होते. एकावर माउस आणि दुसऱ्यावर मोडेम असला, की माउस हलवताच फोन तुटण्याची सोय होत असे.

प्रश्न विचारण्यालाही हद्द आहे. बिघडलेली चिप ‘आहे, आणखी आहे’ म्हणतच राहते. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये बराच काळ २५६ फेऱ्यांची मर्यादा होती. त्यानंतर चौथ्या तारेवर काम फार झाले अशी नोंद करून हँडलर निघून जाई. घरोघरी ही मर्यादा याहून बरीच कमी आढळते.

पोर्ट बंद करताना क्रम सांभाळावा लागतो. आधी चारही बिट शून्य करायचे, मग आउट२ उतरवायचा आणि शेवटी कर्नलकडची नोंद काढायची. उलट केले तर बिऱ्हाड हललेल्या घराची बेल वाजत राहते. नोंद काढण्यापूर्वी ड्रायव्हर आवक रजिस्टर एकदा वाचतो. त्यात एखादे अक्षर सापडले तर ते टाकून देतो, कारण ते कोणाला द्यायचे नसते. चिप मोकळी व्हावी एवढ्याचसाठी तो जाता जाता शेवटचे ‘आणखी काही?’ विचारतो, आणि उत्तर न ऐकता निघतो.