काकूंची मिस्सा

"काकू, सकाळीच कुठे?"

"अगं, आज 2 नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस. सासूबाईंसाठी मिस्सा ठेवलीय. तुझा झेंडू दे चार."

वसईतलं आमचं कुंपण म्हणजे एक जास्वंद आणि दोन तारा. पलीकडे कॅथलिक काकू, अलीकडे मी, नगरकडची मिशनवाली प्रोटेस्टंट. अमेरिकन मिशन नगरला आलं 1831 साली. माझ्या माहेरी मेलेल्यांसाठी प्रार्थना कुणी केलेली मी पाहिली नाही.

"पण काकू, सासूबाईंचा निकाल लागलाच की! आता मिस्सेनं काय होणार?"

"निकाल लागला गं, पण देवापुढे जायचं तर अंग धुवायला नको? शुद्धीस्थान ते त्यासाठीच. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे मेलेल्यांसाठी प्रार्थना."

"ते आमच्या बायबलात नाही."

"तुमच्यांनी काढलं."

"आमचे म्हणतात, तुमच्यांनी घातलं."

हे आमचं दरवर्षीचं. मग मी जरा काडी टाकली. "तुम्ही तारण कमावता, आम्हाला फुकट मिळतं."

काकू भडकल्याच. "कोण म्हणतं कमावतो? बाप्तिस्म्याचं तान्हं पोर काय कमावतं? आधी देवाचीच कृपा. आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेनं 1547 सालीच सांगितलंय. पण देवानं दत्तक घेतलं, नाव लागलं, म्हणजे वळणही लागलं का? ते लागायला आपणही हलायला लागतं, तेही त्याच्याच कृपेनं. मोठं पाप केलं की नातं तुटतं, मग कन्फेशनला जावं लागतं."

"आमच्यात नाव लागलं की वारसा पक्का. विश्वास ठेवला, देवानं नीतिमान ठरवलं. वळण मागून येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर नाव लागलंच होतं का, अशी शंका आमचे पाळकही घेतात."

"बघ! शेवटी तूही वळणच बघतेस."

इथे मी जरा अडले. 1999 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथेरन पुढाऱ्यांनी एकाच कागदावर सह्या केल्या, की आपण देवाला मान्य होतो ते त्याच्या कृपेनं, आपल्या पुण्याईनं नव्हे. तारीखही नेमकी 31 ऑक्टोबर, 1517 साली ल्यूथरनं पंचाण्णव मुद्दे मांडले तीच. मी ते सांगितल्यावर काकू खूश.

"मग मिटलं की भांडण!"

"शुद्धीस्थानाचं कुठे मिटलंय? ल्यूथरचं भांडण पेटलं तेच मुळी तिथली शिक्षा माफ करणाऱ्या चिठ्ठ्यांच्या विक्रीवरून."

"चिठ्ठ्या विकणं वाईटच," काकू पटकन म्हणाल्या. "ट्रेंटनं बंदच केलं ते." झेंडू ओच्यात घेऊन त्या निघाल्या आणि फाटकापाशी थांबल्या. "तुझ्या आईचंही नाव सांगू का फादरना?"

"आईला आवडलं नसतं, काकू."

"तिला कोण सांगतंय?"