साठांवर काळं पडलं त्याची गोष्ट

अहो वहिनी, त्या कावळ्याला उगाच हाकलू नका, त्याचा दोष नाही. तुमच्या आंब्याच्या साठांवर काळं काय पडलंय ते मला ठाऊक आहे. सांगत्ये, पण जरा आधीपासून सांगावं लागेल. आणि बोटाने पुसू नका हो, पसरेल. फुंकरही नको!

आमच्याकडे पेट्यांची लेबलं, बिलं सगळं हे घरीच छापतात ना. तो जुना कॅननचा २९०० प्रिंटर. मुलगा म्हणतो नवा घ्या, तर हे म्हणतात, नव्यांच्या कार्ट्रिजला चिप असते, पावडर भरली तरी ते आपलं ‘रिकामं, रिकामं’ म्हणून ओरडत बसतं. याला तसली भानगड नाही. तर ऐन मोसमात, अक्षय्य तृतीया झाली नि अक्षरं पुसट यायला लागली. कार्ट्रिज काढून पाळण्यासारखं हलवलं, आणखी पन्नासेक पानं निघाली. मग तेही संपलं. दोन हजार पानं निघतात म्हणे एकात. पण कंपनीचा तो हिशोब पानाचा विसावा भागच काळा धरून असतो, आणि यांच्या लेबलावर हापूसचं एवढं मोठं चित्र!

नवं घ्यायचं तर काही हजार. मारुती मंदिरच्या दुकानात भरून घ्यावं तर तीन-चारशे. हे म्हणाले, पावडरची बाटली दीडशेला मिळते, आपण भरू. आता आपण आठळ्यासुद्धा वाळवून श्रावणापर्यंत पुरवणारी माणसं, मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार? शिवाय एवढं धडधाकट प्लॅस्टिकचं खोकं नुसती पावडर संपली म्हणून टाकायचं, हे मलाही पटत नाही.

ओटीवर पेपर पसरून बसले. दोन्ही बाजूंच्या पिना ठोकून काढल्या, स्प्रिंगा सोडवल्या, कार्ट्रिजचे झाले दोन भाग. एकात पावडरचा डबा आणि चुंबकाचा रूळ, दुसऱ्यात तो हिरवा गुळगुळीत ड्रम. त्याला उजेड सोसत नाही म्हणून माझं काळं ब्लाउजपीस गुंडाळलं. नवं होतं हो. मग मला समजावत बसले: ड्रमवर वीज चढते, लेझरने जिथे अक्षर काढलं तिथली ती उतरते, आणि नेमकी तिथेच पावडर चिकटते. ती कागदावर आली की तापलेल्या रुळाखाली वितळून बसते. चेस्टर कार्लसन म्हणून कुणी न्यूयॉर्कचा होता, त्याने २२ ऑक्टोबर १९३८ला जस्ताच्या पत्र्यावर गंधक चढवून, तो रुमालाने घासून, अशाच विजेच्या युक्तीने पहिली नक्कल काढली. त्याच्या आधी घरच्या स्वयंपाकघरातच गंधक वितळवत बसायचा म्हणे. मला तर त्याच्या बायकोचीच आठवण येत्ये सकाळपासून.

भरणं तसं सोपं. बाजूचं बूच काढलं, पावडर ओतली, बूच लावलं. जोडून छापलं तर पानभर काळा धूर. कुवारबावचा भाचा हेच काम करतो, त्याला फोन लावला. तो पहिलं काय विचारतो, ‘मामा, जुनी काढलीत का?’ कागदावर न बसलेली पावडर खरवडून एका वेगळ्या कप्प्यात साठते म्हणे. तो कप्पा भरला की बाहेर सांडते. सगळेजण भरायचं लक्षात ठेवतात, रिकामं करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. आमच्या माळ्यासारखंच!

पुन्हा खोललं. चांगली वाटीभर निघाली. आणि हे म्हणतात कसे, ही पण भरू की, फुकट कशाला घालवायची! भाचा ओरडला, त्यात कागदाची धूळ असते, छपाईचा बट्ट्याबोळ होईल. पिशवीत बांधून ठेवा, ई-कचऱ्यात द्या, कार्ट्रिजं आता त्या नियमांत येतात.

हे पिशवी आणायला उठले. कुठून? मागच्या पडवीतून. वाटी हातात. आणि तीन वाजता भाट्याच्या खाडीवरून वारा सुटतो, तो काय विचारून सुटतो? आता कळलं ना?

खाऊ नका हो ती साठं, ती पावडर म्हणजे प्लॅस्टिक, वर लोखंडाची भुकटी. नाकातोंडात गेली तरी वाईट, फडकं बांधा म्हणून मी ओरडत होत्ये. यांच्या लेंग्यावर सांडली, तर तो मी गरम पाण्यात भिजवला, तिथे माझं चुकलं. थंड पाण्यात टाकायला हवा होता. गरमाने ती मऊ होऊन धाग्यात बसली. प्रिंटरात कागदावर बसते तशीच की!

बचत? दीडशेची पावडर, लेंगा एक, ब्लाउजपीस एक. शिवाय जोडताना यांचं नख ड्रमला लागलं. आता दर साडेसात सेंटीमीटरवर एक ठिपका उमटतो, ड्रमचा घेर तेवढाच ना. पंचवीस पेट्यांवर ठिपकेवाली लेबलं गेली. पुण्याहून फोन, आंब्यावर डाग आहे का? आता ड्रम बदलायला भाच्याकडेच जायचं. पुढच्या खेपेला भरणंही त्याच्याकडेच, मी सांगून टाकलंय. मामा म्हणून पैसे घेत नाही तो, ही खरी बचत.

तुमची दोन ताटं गेली, माझी चार आहेत माजघरात, त्यातली दोन संध्याकाळी आणून देत्ये. नाही म्हणू नका. यांचं म्हणणं वेगळंच आहे. पावडरीत लोखंड आहे ना, मग साठांवरून चुंबक फिरवला की सगळी उचलली जाईल, एक कण राहायचा नाही.

ते बघा, आलेच फ्रिजवरचा चुंबक घेऊन. ताट आत घ्या वहिनी, आधी ताट आत घ्या!